दाजी, फळी वाजवली आहे

दाजींना धाकट्या मेहुण्याचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्याने संप पुकारल्यामुळे हा नमस्कार स्टुलावर बसूनच घातला आहे. तो जमिनीवर घातला असं धरून चालावं.)

इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत, म्हणजे ही ठणठणीत आहे आणि मी आहे. तुमची तब्येत कशी आहे, उजव्या खांद्याची कळ थांबली का, भाचा वेळेवर घरी येतो का, सूनबाई तुम्हाला दुसऱ्यांदा चहा देते की मागावा लागतो, हे सगळं सविस्तर कळवा. तुमच्या निरोपांवरून काही कळायचं म्हणजे कठीणच. परवा फोनवर तुमचा निरोप आला, बरा आहे, इथे सगळं तयार मिळतं. बस, एवढंच. जन्मभर भट्टीपुढे बसून हाताने सुऱ्या घडवलेला माणूस लिहितो की सगळं तयार मिळतं, तेव्हा ते कौतुक समजायचं की गाऱ्हाणं? मी हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, गाऱ्हाणं. मग मी स्वतःशी पुन्हा वाचलं, आणि मलाही ते गाऱ्हाणंच वाटलं. तसं नसेल तर उलट टपाली सांगा, म्हणजे माझं वाट बघणं तरी संपेल.

मुद्द्याचं आधी लिहितो, नाहीतर मी वाहवत जातो. दुकानातल्या तुमच्या भट्टीच्या खोलीचं काय करायचं? जागेचे मालक येता-जाता विचारतात की दाजी परत येणार आहेत की नाहीत. कोपऱ्यावरच्या केकवाल्या बाईंना ती खोली हवी आहे. त्या येऊन बघूनही गेल्या. भट्टीच्या जागी ओव्हन ठेवता येईल म्हणाल्या, धुराडं आयतंच आहे म्हणाल्या, आणि बोलता बोलता त्यांनी हातातला केकचा खोका तुमच्या ऐरणीवर ठेवला. गुलाबी खोका होता, वर फीत बांधलेली. मला ते बघवेना. मी आपल्या मधल्या लाकडी फळीच्या अलीकडे माझ्या खोलीत आलो आणि एका चांगल्या भल्या कातडी पट्ट्याची कड विनाकारण घोटत बसलो. महिनाअखेर मालकांना काय ते सांगायचं आहे. तुम्ही थोडे दिवस लेकाकडे जाऊन येतो म्हणून गेलात. ताई नुकतीच गेली होती, त्यामुळे थोडे म्हणजे किती हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. आता विचारतो. थोडे म्हणजे किती, दाजी?

तुम्ही होतात तेव्हा सुरी फळीपलीकडून यायची. मूठ बसवून होत नाही तोवर तुम्ही ती म्यानासाठी माझ्या पाटावर आदळायचात आणि जणू माझ्यामुळेच उशीर झाल्यासारखे बघायचात. आता लोक बाजारातून कारखान्यातल्या छापील सुऱ्या आणतात. एका बाईंनी त्यांची सुरी पायमोज्यात घालून आणली. मोजा एकच का, म्हणून विचारलं, तर दुसऱ्यात म्हणे कात्री आहे. एका गृहस्थांनी तर सुरीचा नुसता फोटो पाठवला आणि म्यान करून ठेवा म्हणाले. मी म्हटलं, अहो, शिंप्याकडे फोटो पाठवून सदरा शिवून घेता का? तर म्हणाले, हो, घेतो की. (हल्ली मिळतो म्हणे. मला गप्प बसावं लागलं, आणि त्याची मला सवय नाही हे तुम्ही जाणता.) सुरी हातात नसताना म्यान कसलं करायचं? शेवटी ते गृहस्थ सुरी घेऊन आले, तर फोटोत होती ती वेगळीच.

पण खरी फजिती पैलवानाच्या सुरीची झाली. मागच्या हॉटेलातले आचारी हो, ज्यांना सगळे पैलवान म्हणतात. त्यांची लांब सुरी आहे ना, तुम्हीच घडवलेली, तिचं जुनं म्यान फाटलं. मी हौसेने नवं करायला घेतलं, कारण बऱ्याच दिवसांनी तुमच्या हातचं काम हातात आलं होतं. रीतसर सगळं केलं. शिवलेलं म्यान कोमट पाण्यात भिजवलं, बुडबुडे थांबल्यावर काढलं, सुरीला पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं (नाहीतर ओलं कातडं आणि लोखंड एकमेकांना काळं करतात) आणि सुरी आत सारून अंगठ्याने दाबत दाबत पात्याची रेषा, मुठीचा बाक, सगळं कातड्यावर उठवलं. मग हाडाच्या पट्टीने कडा बसवल्या. हात इतके छान चालले होते म्हणून सांगू! कातडं जरा आवळल्यासारखं वाटलं, तशी मी नेहमीप्रमाणे फळीवर टकटक केलं आणि म्यान खिडकीत ठेवून तुमची वाट बघत बसलो.

हसू नका. इतक्या वर्षांचा रिवाज आहे. पहिल्यांदा सुरी ओढायची ती ज्याने घडवली त्याने. मी म्यान धरणार, तुम्ही कान जवळ आणून ओढणार, आणि मग निकाल देणार, सैल आहे, नाहीतर धरतंय, नाहीतर नुसतंच हं. त्या दिवशी तुम्ही येईनात म्हणून मी चिडलो. दाजींचं हे नेहमीचंच, असं पुटपुटत चहा टाकला, दोन कप भरले, आणि दुसरा कप फळीजवळच्या फडताळावर ठेवताना लक्षात आलं. मग दुकान ओढून घेतलं आणि सरळ घरी गेलो. सुरी म्यानातच राहिली, म्यान उन्हात राहिलं.

दुसऱ्या दिवशी पैलवान आले. मी ऐटीत म्यान पुढे केलं. त्यांनी सुरी ओढली, सुरी आली नाही. वाळून कातड्याने तिला अशी मिठी मारली होती की काही विचारू नका. त्यांनी पाय भिंतीला लावून ओढली. मी म्यान धरलं, मला मागून हिने धरलं (डबा घेऊन आली होती बिचारी), आणि आम्ही तिघं दुकानभर फिरलो. स्टूल पडलं, मेणाचा डबा पडला, डब्यातली भाजी आरीच्या खोक्यात गेली. शेवटी शिवण उसवून सुरी सोडवावी लागली. पैलवान घाम पुसत म्हणाले की तुम्ही एवढे मुरलेले कारागीर, सुरी वेळेवर काढायची विसरलात कशी? मी ऊन, हवा, कातड्याची जात, असं कायकाय सांगायला लागलो. ही तेवढ्यात भाजी वेचता वेचता म्हणाली, "विसरले नाहीत. दाजींची वाट बघत होते."

पैलवानांनी पडलेलं स्टूल उचलून ठेवलं. नवं म्यान करा, घाई नाही म्हणाले. ते केलं, आणि या वेळी सुरी त्यांनीच ओढली. आवाज अगदी हवा तसा आला, दाजी, मऊ आणि शेवटी हलकेच टक. तुम्ही असतात तर भुवई उचलली असतीत. पैलवान काय म्हणाले माहीत आहे? छान! इतक्या वर्षांत तुम्ही मला एकदाही छान म्हणाला नाहीत, आणि आता जो येतो तो म्हणतो. मला ते छान ऐकून ऐकून कंटाळा आला आहे. माझ्या म्यानाला नावं ठेवणारं माणूस या गल्लीत उरलं नाही, त्यामुळे ते चांगलं झालंय की नाही हेच मला कळत नाही. तुमची फार आठवण येते, हे एकदा सरळ लिहून टाकतो. ताईची येते ती वेगळी. तिच्याबद्दल ज्याच्याशी बोलायचं, तो माणूसही लिफ्टच्या घरात जाऊन बसला आहे.

असो. बाकी सर्व क्षेम. सूनबाईंना आणि भाच्याला आशीर्वाद. खांद्याला शेक घ्या, आणि उत्तर लिहाल तेव्हा निदान दुसरी ओळ तरी लिहा.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. : तुम्ही ताईसाठी घडवलेली भाजीची छोटी सुरी टॉवेलात गुंडाळून नेलीत, असं भाचा म्हणाला. टॉवेल दमट राहतो, पात्याला गंज धरेल. रोज हातात असते तिला कपडे कशाला, म्हणून ताईने तिचं म्यान मला कधी करू दिलं नाही. आता ती रोज कुणाच्या हातात नसते. तेव्हा म्यान मी करणार. कातडं निवडून ठेवलं आहे, दोराही मेणावला आहे. सुरी कुरियरवाले घेत नाहीत, मी चौकशी केली आहे. भाच्याबरोबर पाठवू नका, तो विसरेल. फोटो पाठवलात तर याद राखा.

आणखी ता. क. : केकवाल्या बाईंना पलीकडच्या गल्लीत जागा मिळून बरेच दिवस झाले. मालकही काही विचारत नाहीत. तुम्हाला जरा धाक बसावा म्हणून लिहिलं होतं. तो खोका मात्र खरंच ऐरणीवर ठेवला होता.

शेवटचं : किल्ली जुन्याच जागी आहे. आलात की आधी माझ्याकडे येऊ नका. सुरी तेवढी माझ्या पाटावर ठेवा, तुमच्या दाराने आत जा आणि बसा. कातडं आवळलं की फळी मी वाजवतो.