गुडघ्याएवढ्या उंचीवरचा बाळयेशू

प्रिय सांतिंग,

भिंतीला भिंत लागून घर, आणि ही बया पत्र लिहितेय म्हणून हसशील. हस. समोर आले असते तर "मनांग, चिडलीस की नाकपुड्या काय फुगतात गं तुझ्या!" म्हणाला असतास आणि मी नेहमीसारखी विरघळले असते. थोरल्या बहिणीला कसं गुंडाळायचं, हे तुला दुधाचे दात पडायच्या आधीपासून येतं.

आपली आई गेली, पुरायच्या आधी नानायला घरात ठेवलं होतं ते सात दिवस आठव. शवपेटीजवळचे दिवे विझू द्यायचे नाहीत, अंगणात पत्ते खेळत जागणाऱ्यांनाही उजेड हवा. मी बिलाच्या काळजीत बसलेली, तेवढ्यात तू तुझ्या दुकानातून, बर्फाच्या फ्रीझरमागून वायर ओढत आलास. "आईच्या दिव्यांसाठी तरी हात आखडू नकोस, मनांग. उजेड माझ्याकडून!" सगळी गल्ली ऐकत होती. फादरनी तुझी पाठ थोपटली. मी चारचौघांत तुझ्या गळ्यात पडून रडले.

त्यानंतर बिल आलं, आजवरचं सगळ्यात मोठं. घरात मी एकटी, स्वयंपाक लाकडावर, दिवे तुझे. मग एवढी वीज खाल्ली कोणी? वीजसंस्थेतल्या बाईंनी एक कागद दिला, घरात वीज कुठे वाया जाते ते कसं तपासायचं याचा. त्याबरहुकूम फ्रिजच्या दारात कागदाची पट्टी धरून ओढून पाहिली. रबर घट्ट होतं. पंख्याची पाती पुसा, असंही लिहिलं होतं. नानायच्या पंख्यावर बोटभर धूळ होती. फिरलाच नव्हता ना तो. मीच ओरडायचे, "नानाय, दुपारभर पंखा कशाला? बिल बघ जरा." ती म्हणायची, "मला मेलीला त्याचा आवाजच सोसत नाही." एप्रिलच्या उकाड्यात ती पुठ्ठ्याने वारा घेत पडून असायची आणि मी ते खरं मानलं.

कागदावर शेवटी होतं, घरातलं सगळं बंद करा आणि मीटर बघा. मी मेन स्विच पाडला आणि बाहेर खांबाशी जाऊन उभी राहिले. चकती फिरतच होती. जरा वेळाने तुझ्या फ्रीझरची घरघर थांबली, तशी चकतीही थांबली. घरघर सुरू झाली, चकती फिरू लागली. मी तासभर उन्हात उभी होते, सांतिंग. तीनदा पाहिलं तेव्हा कुठे विश्वास बसला.

मग नानायची खाट ओढली. तिच्या मागे, गुडघ्याएवढ्या उंचीवर, जुन्या कॅलेंडरातला बाळयेशू टाचलेला. अरे, देव कोणी गुडघ्याशी लावतं का? चित्र काढलं तर भिंतीला भोक, आणि माझ्या मीटरच्या वायरीला जोडलेली तुझी वायर. तुझी चोरी समजली तेव्हा मी नुसती संतापले होते. पण जोडावर चिंधी गुंडाळलेली होती, नानायच्या निळ्या गाऊनची, तिच्याच बारीक टाक्यांनी शिवलेली.

तिला माहीत होतं. तुला सांभाळायचं म्हणून ती माझ्याशी खोटं बोलली, आणि तू खाल्लेली वीज भरून काढायला स्वतःचा पंखा बंद ठेवून बसली. मी तिला एका पंख्यावरून बोलत राहिले आणि तू भिंतीपलीकडे ऐकत राहिलास. एकदा तरी म्हणायचंस, "मनांग, तिला बोलू नकोस, चोर मी आहे." दिव्यांचं श्रेय मात्र तू खुशाल घेतलंस. ते दिवेसुद्धा माझेच होते. तिला मी माफ करीन, मेलेल्या आईवर किती दिवस रुसणार? तुला करवत नाही.

गुरुवारी सकाळी वीजसंस्थेचा माणूस वायर कापायला येतोय. बर्फ आधी विकून टाक, म्हणून हे पत्र. आणि सोमवारी तिचा चाळिसावा. आत्मा त्या दिवशी घर सोडतो म्हणतात, तेव्हा प्रार्थनेला ये. वायर आणू नकोस. तिचा पंखा स्वच्छ पुसून तुझ्या दाराशी ठेवलाय. तो तुझ्या स्वतःच्या मीटरवर लाव आणि सोमवारपर्यंत दिवसरात्र चालू ठेव. जायच्या आधी तिला जरा वारा लागू दे.

तुझीच,
मनांग लुडी