एका घरात दोन जाहिराती

२४ सप्टेंबर २००७, सोमवार

जमलं! एकाच ब्रेकमध्ये नाशकातल्या सिडकोत पैठणीची जाहिरात आणि घोटीत ट्रॅक्टरची! आमचे रंगनाथशेठ पंधरा वर्षं केबलच्या धंद्यात आहेत, तरी लहान मुलासारखे टाळ्या पिटत होते.

तशा दोन्ही जाहिराती तारेतून सगळीकडेच जातात. प्रत्येक घरातल्या टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्सला आम्ही झोन, म्हणजे त्याचा भाग, नेमून दिलाय. ब्रेक आला की बॉक्सनं आपल्या झोनची जाहिरात तेवढी उचलायची. बोलायला सोपं! उचलताना दोन सेकंद पडदा काळा होतो – लोकांना वाटतं, टीव्ही बिघडला.

आणि बॉक्स फक्त ऐकतो, उलट बोलत नाही. घोटीत त्यानं काय दाखवलं ते नाशकात बसून कळणार कसं? म्हणून सासूबाईंना कामाला लावलंय. घोटीहून मोबाईलवर अंबूबाई – "आला वो जावईबापू, लाल टॅक्टर आला! वर बसलेला गडी लय हाडकुळा हाय." इतकी माहिती कुठलं यंत्र देणार?

३ ऑक्टोबर

काळ्या पडद्याऐवजी आधीचं चित्र तसंच धरून ठेवलं. परिणाम – बातम्या देणारी मुलगी दोन सेकंद तोंड उघडं टाकून थिजलेली! आमची बायको सुवर्णा हसून हसून बेजार. "अहो, माशी जाईल तिच्या तोंडात!"

५ ऑक्टोबर

मध्ये चॅनेलचं चिन्ह टाकलं. माशीचा प्रश्न मिटला.

१२ ऑक्टोबर, घटस्थापना

सुवर्णाला माहेरी जाणाऱ्या एसटीत बसवून आलो. दसऱ्याला परत येणार. पिशवी उचलताना खांदा निखळायची वेळ! "काय भरलंस एवढं?" तर म्हणे, "साड्या." नऊ दिवस नऊ रंग, असतील बुवा. ती पिशवीचा बंद उगाच पुन्हा पुन्हा आवळत होती. लग्नाला सहा वर्षं झाली, अजून मूल नाही. दोनदा आशा लागली आणि गेली. माहेरी गेली की तिथल्या बायका विचारतात, तेच मनात असेल. मी काहीतरी बोलायला हवं होतं. बोललो काय, तर – "गुरुवारी आईंना मोबाईल चार्ज करून ठेवायला सांग!"

गुरुवारी सावळीराम येणार. घोटीतल्या ट्रॅक्टरच्या शोरूमचे मालक. ते हो म्हणाले तर दिवाळीपासून हे सगळं कायमचं सुरू. नाही म्हणाले तर शेठ म्हणतात, "मग महेश, जुनंच बरं. सगळ्यांना सगळं दाखवू." माझी दोन वर्षं पाण्यात!

१५ ऑक्टोबर

घर ओकंबोकं वाटतंय. टीव्ही लावलासुद्धा नाही. दिवसभर तेच बघायचं आणि घरी येऊनही तेच? हलवाई कधी घरी बर्फी खातो का?

१८ ऑक्टोबर, गुरुवार

आजचं सगळं जसंच्या तसं लिहून ठेवतो.

सावळीराम समोर बसलेले. ऑफिसच्या टीव्हीवर ब्रेक लागला, पैठणी झळकली. ते म्हणाले, "ही नाशिकची झाली. माझं गिऱ्हाईक घोटीत हाय, तिथं काय दिसतंय ते सांगा." मी स्पीकरवर फोन लावला. "आई, काय दिसतंय?"

"पैठणी! जांभळी हाय बघा. पदरावर मोर!"

शेठनी कपाळाला हात लावला. सावळीराम उठून चपला शोधायला लागले. तेवढ्यात फोनमधून लांबून सासऱ्यांचा आवाज – "अवं, टॅक्टर हाय! पैठणी कुठली काढली?"

"मी आतल्या खोलीतला टीव्ही बघतीया."

"म्या भायरचा बघतोय!"

एका घरात दोन टीव्ही, दोन बॉक्स, दोन जाहिराती! मी ओरडलो, "आई, आतल्या डब्याखालचा नंबर वाचा!" फोन सुवर्णानं घेतला. हळू आवाजात एकेक आकडा वाचला. मी यंत्रात टाकला. नाव आलं – महेश, सिडको. माझ्याच घरचा बॉक्स! साड्या म्हणे! मीच खांद्यावरून एसटीत चढवला होता! आणि आठवडाभर मला पत्ता नाही – केबलवाल्याला!

म्हणजे आमचं यंत्र बरोबरच होतं. सिडकोचा बॉक्स, सिडकोची जाहिरात. सावळीरामांना समजावलं, तर खो खो हसत सुटले. "माझा टॅक्टर ओसरीवर आन् पैठणी आत? मंग बराबर हाय की! घ्या, दिवाळीपासून चालू करा!" शेठनी मला मिठी मारली. पेढे वाटले.

१९ ऑक्टोबर

पण नऊ दिवसांसाठी बॉक्स कोण नेतं?

२० ऑक्टोबर

टीव्हीखालची जागा रिकामी आहे, धुळीत बॉक्सचा चौकोन उठलाय. रुसून गेली का? कायमची? दोन वर्षं मी तिच्याशी फक्त झोनबद्दल बोलत होतो. फोनवर विचारायचा धीर होत नाही. "उद्या मीच न्यायला येतो" म्हटलं, तर नुसतं "या" म्हणाली.

२१ ऑक्टोबर, दसरा

घोटीला पोचलो. सोनं दिलं, पाया पडलो, आणि धीर करून म्हटलं, "सुवर्णा, चल ना घरी. बॉक्स मी उचलतो."

सासूबाईंनीच अडवलं. "डबा ऱ्हाऊ द्या जावईबापू. आतल्या खोलीत पडून ऱ्हायला सांगितलंय तिला. जूनपातूर लागंल."

"जूनपर्यंत? कशाला?"

सासूबाई पदर तोंडाला लावून हसत आत गेल्या. सुवर्णा माझ्याकडे बघत म्हणाली, "अहो, निघतानाच शंका होती, परवा डॉक्टरांनी नक्की सांगितलं. या वेळी खात्री झाल्याशिवाय तुम्हाला सांगायचं नव्हतं."

बॉक्स तिथंच ठेवून आलो. झोन सिडकोच राहू दे – तिला पैठणी बघायला आवडते.