गिटारच्या पोटातल्या चकत्या

चैताली,

पुण्यातल्या अमेरिकन लोकसंगीताचा सुवर्णकाळ आज समाप्त झाला. म्हणजे मी रिक्षाने वारज्याला, मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो आहे. तपासण्यांसाठी ते ठेवून घेणार आहेत.

तू म्हणतेस तशा मी गिटार छेडायच्या चकत्या हरवत नाही. त्या बोटांतून सुटतात आणि गिटारच्या पोटात पडतात. सगळ्या तिथेच आहेत. ज्या व्हिडिओवरून मी ती अमेरिकन गाणी शिकतो, त्यातले दाढीवाले मास्तर सांगतात, चकती चिमटीत हलकी धरा. माझ्या चिमटीत ती हलकीच काय, कशीच राहत नाही. तू दाखवलंस तसा व्हिडिओचा वेग निम्मा केला, मग पाव केला. पाव वेगाला मास्तर प्यायल्यासारखे बोलतात, तरी माझ्या पुढेच असतात.

मला वाटलं, वय झालं. गेल्या खेपेला डॉक्टरांना दाखवलं, त्यांना तसं वाटत नाही. हा आजार बोटांपासून सुरू होतो म्हणाले. पुढे कुठे कुठे जातो तेही सांगितलं. मी विचारलं नव्हतं. "येताना मुलीला आणा" म्हणाले, तेव्हा ती परगावी असते असं मी सांगून टाकलं. आपल्यासारखं धायरीत, शहराच्या पार टोकाला राहिल्यावर ते खोटं वाटत नाही.

संध्याकाळी दवाखान्यात ये. या चिठ्ठीतलं अक्षर लागलं नाही तर तिथे मी वाचून दाखवीन. कुकर तुलाच लावावा लागेल, मला झाकण बसवता आलं नाही.

चकत्यांचं नवं पाकीट आज येईल. ते फोडू नकोस. फोडलं की परत घेत नाहीत.

बाबा