माइकच्या खोक्यात नळ

१२ मार्च, मंगळवार

नळ! माइकच्या खोक्यात नळ निघाला! तोही जुना. आट्यांना कुणाच्या तरी घरचा धागा अजून गुंडाळलेला. वजन बरोब्बर माइकएवढं. तराजू घेऊन बसतात मेले!

या वेळी मी कुठेच चुकले नव्हते. मागे हेडफोन मोडका आला तेव्हा कंपनीने विचारलं होतं – पार्सल उघडतानाचा व्हिडिओ कुठाय? नव्हता. बसलो बोंबलत. तेव्हापासून घरात नियम केला. व्हिडिओशिवाय खोक्याला हात लावायचा नाही. सहाही बाजू दाखवायच्या, चिठ्ठीवरचा नंबर मोठ्याने वाचायचा, मगच पातं चालवायचं. मध्ये थांबायचं नाही, कापलेला-जोडलेला व्हिडिओ ते मान्य करत नाहीत. फोन छोटीच्या हातात, कटर माझ्या हातात. मी सोफ्याच्या कारखान्यात दिवसभर रेक्झिन कापते, मला खोकं ते काय!

नळ बाहेर आला आणि छोटी हसली. आधी फिसकन, मग पोट धरून. "ताई, गाणं नाही तर नाही, निदान पाणी तरी!"

दिली एक कानाखाली ठेवून. फोन पडला तिच्या हातातून. मग उचलला तिने आणि उरलेला व्हिडिओ पुरा केला, नळ चारी बाजूंनी दाखवला. नियम म्हणजे नियम.

जेवताना म्हणाली, डाव्या कानात शिट्टी वाजतेय. म्हटलं, नाटकं पुरेत.

१३ मार्च, बुधवार

कंपनीशी भांडण. आधी यंत्राशी – 'आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' मी शिव्या लिहिल्या. ते परत दिलगीर! शेवटी एक जिवंत मुलगी फोनवर आली. "मॅडम, आधी शांत व्हा." मला कुणी शांत व्हा म्हटलं की तळपायाची आग मस्तकात जाते. एवढी ओरडले की आईने स्वयंपाकघरातून येऊन खिडकी लावली. त्या मुलीचं एकच पालुपद – सात दिवसांत अखंड व्हिडिओ पाठवा. म्हणजे एकोणीसपर्यंत.

छोटीचं गाणं पंचवीसला पोचलं पाहिजे. रेडिओवाले नव्या आवाजांची निवड करताहेत. वर्षभर पडदे शिवता शिवता तिने हे एक गाणं बांधलंय. मी तिच्यासाठी कपाटातले कपडे काढून आतून स्पंजचे तुकडे ठोकलेत, कारखान्यातली कातरण वाया घालवायची कशाला? त्यात तोंड करून गायलं की आवाज घुमत नाही. फक्त माइक नाही. नळ आहे!

संध्याकाळी पार्सलवाला आमच्याच इमारतीत आला होता. जिन्यात गाठला. कॉलर धरून टपालपेट्यांवर आपटला. "बाई, मी नुसता पोचवतो हो! आत काय असतं मला काय ठाऊक!" त्याच्या शर्टाचं बटण माझ्या मुठीत राहिलं. बरं वाटलं. वहीत खोटं कशाला लिहू?

१४ मार्च, गुरुवार

छोटीच्या उशीवर डाग. कानातून पाणी येतंय म्हणते.

१५ मार्च, शुक्रवार

कानाचे डॉक्टर. नळीसारखं काहीतरी आत घालून बराच वेळ बघत होते. पडदा फाटलाय म्हणाले. भोक आहे. बहुतेक आपोआप भरेल, सहा आठवडे लागतील, पाणी जाऊ द्यायचं नाही, हेडफोन बंद. नाही भरलं तर ऑपरेशन.

"कशाने झालं?"

छोटीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कपाटाचं दार लागलं."

डॉक्टरांनी मात्र पाहिलं. माझ्या तोंडाकडे नाही, हातांकडे. वीस वर्षं स्प्रिंगा ताणून माझे पंजे पुरुषासारखे झालेत. मी ते ओढणीखाली घेतले. "दारं अशी सपाट लागत नाहीत," एवढंच म्हणाले आणि चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं. ती चिठ्ठी छोटीने स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. मी मागितली तर म्हणाली, "राहू दे माझ्याकडे."

बाहेर पडल्यावर तिला थंड काहीतरी प्यायला घेऊन दिलं. ती माझ्या उजव्या बाजूला चालत होती. मग लक्षात आलं – मी काय बोलते ते तिला डावीकडून नीट ऐकूच येत नाहीये.

१६ मार्च, शनिवार

कारखान्यात तीन बैठकांचा जुना सोफा आला. सोलायला घेतला. जुनं कापड ओरबाडून काढायला मला आवडतं, टराटरा फाटतं, पिना उडतात, धूळ उडते. आज मात्र थांबताच येईना. लाकडापर्यंत गेले. पातं घसरलं, अंगठा कापला. मालक म्हणाले, "अगं, गिऱ्हाइकाला तो परत द्यायचाय! खून करतेस का त्याचा?" सगळे हसले. मीही हसले.

घरी आई अंगठ्याला पट्टी बांधताना म्हणाली, "तुझा हात बापावर गेलाय."

हे तिने बोलायला नको होतं. काचेचं ताट भिरकावलं. भिंतीवर डाळीचा ओघळ.  आई वाकून तुकडे वेचायला लागली, अगदी सावकाश, मोठे आधी, बारीक नंतर. किती सवयीने वेचत होती! मी पाहत राहिले. बाप जाऊन नऊ वर्षं झाली. मग ही सवय तिला अजून कशी?

१८ मार्च, सोमवार

व्हिडिओ पाहिला. आज पहिल्यांदाच. कारखान्याच्या मागे, स्पंजच्या ढिगावर बसून.

सुरुवात छान आहे. खोक्याच्या सहा बाजू. मी नंबर वाचतेय, निवडणुकीचा निकाल सांगतेय अशा थाटात. पातं चालतं. नळ निघतो. छोटीचं हसू फोनच्या अगदी जवळून येतं, इतकं गोड की मलाही क्षणभर हसू आलं, तिथे, ढिगावर. मग माझा हात चौकटीच्या बाहेर जातो. आवाज. असा आवाज येतो हे मला माहीत नव्हतं. आपल्याला आतून कळत नाही. फोन पडतो. नुसतं छत दिसतं, पंखा फिरतोय. छोटी ओरडतसुद्धा नाही, फक्त श्वास आत ओढल्याचं ऐकू येतं.

आणि मग मी. "उचल तो फोन! रेकॉर्डिंग बंद पडलं ना, तर जीव घेईन तुझा!"

तिने उचलला. कानाचा पडदा फाटला होता त्या वेळी तिचा. उचलला आणि नळावर नीट धरला. चित्र थरथरतंय, पण नळ सगळीकडून दिसतो.

चार वेळा पाहिला. हा आवाज माझाच आहे. हा मी कुठल्याही गर्दीत ओळखला असता, तो बापाचा आहे.

१९ मार्च, मंगळवार

शेवटचा दिवस. छोटीला म्हटलं, "व्हिडिओत ते सगळं आलंय. पाठवू?"

पडद्याला दुमड घालत होती. मान वर केली नाही. "कापून पाठव की."

"कापलेला चालत नाही."

"मग अख्खा पाठव. तुझी तक्रार आहे, तू बघ."

पाठवला.  कंपनीत कुणीतरी बसून हे बघणार! शरम वाटली, आणि – कसं लिहू – थोडं सुटल्यासारखंही. कुणीतरी म्हणेल. बाई, हे काय केलंत, असं कुणीतरी मला विचारेल.

२२ मार्च, शुक्रवार

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवून ठेवते –

'आपला व्हिडिओ आम्ही काळजीपूर्वक तपासला. २ मिनिटं १४ सेकंद ते २ मिनिटं २५ सेकंद या वेळात पार्सल चौकटीत दिसत नाही. या अकरा सेकंदांत वस्तू बदलली गेली नसल्याची खात्री करता येत नाही. सबब आपली तक्रार बंद करण्यात येत आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?'

अकरा सेकंद! काळजीपूर्वक तपासले त्यांनी! एक माणूस दुसऱ्या माणसाला बडवतोय, आणि यांची नजर खोक्यावर!

नळ उचलला आणि भिंतीवर मारला. पोपडा उडाला. परत उचलला, परत मारला. किती वेळा ते आठवत नाही. थांबले तेव्हा छोटी दारात उभी होती, उजव्या कानावर दोन्ही हात गच्च दाबून. चांगला कान सांभाळत होती ती.

२४ मार्च, रविवार

आज रेकॉर्डिंग. माइक नाही तर नाही, फोनवरच. फोनला माझा लोकरी मोजा चढवला, म्हणजे श्वासाची फुंकर लागत नाही. फ्रिज बंद, पंखा बंद, आईला शेजारी पाठवलं. सगळं सज्ज आणि वरच्या मजल्यावरच्याने ड्रिल सुरू केलं! मी हातोडा घेऊन निघालेच होते. छोटी आडवी आली. "ताई, बस खाली." स्वतः वर गेली. दोन मिनिटांत ड्रिल बंद. काय सांगितलंस? तर म्हणे, "गाणं म्हणायचंय म्हटलं. ते म्हणाले, म्हण की." मी असते तर दार फोडलं असतं.

मग म्हणाली, "तू खोलीबाहेर थांब. तू असलीस की माझा आवाज चोरतो."

आतून कडी लावली तिने. मी दाराला कान लावून बसले. एका कानाने गाताना सूर सटकत होता तिचा. पहिल्यांदा सुराखाली गेली, दुसऱ्यांदा वर गेली, चौथ्यांदा मध्येच थांबली आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मला उठून आत जावंसं वाटलं. गेले नाही. सहाव्यांदा लागला! असा लागला की मी फरशीवर बसून ढसाढसा रडले. एवढा आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दार उघडल्यावर फोनवरचा मोजा काढता काढता म्हटलं, "माझं चुकलं त्या दिवशी."

"दर वेळी चुकतं तुझं, ताई." रागावून नाही. तारीख सांगावी तसं. "सहावीत पट्टीने चुकलं. कॉलेजात जिन्यावर चुकलं. मी मोजणं सोडलंय आता."

जिन्यावरचं मी विसरले होते. खरंच विसरले होते!

गाणं तिने संध्याकाळी पाठवलं. मग तो व्हिडिओ तिच्या फोनवर मागितला. कशाला, विचारलं. "हवाय," म्हणाली. दिला. मला नाही कसं म्हणता येणार होतं?

२८ मार्च, गुरुवार

सकाळी छोटी आणि आई दवाखान्यात जातो म्हणून गेल्या. दुपारी कारखान्यात पोलीस ठाण्यातून फोन आला. गेले. दोघी बाकावर बसलेल्या, आईने छोटीचा हात धरलेला. डॉक्टरांची चिठ्ठी टेबलावर. पोलीस बाईंनी व्हिडिओ लावला, पंखा फिरत होता तिथे थांबवला. नळाबद्दल चकार शब्द विचारला नाही. "जीव घेईन म्हणणारा हा आवाज तुमचा?" छोटी पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे बघत होती. मी हो म्हणाले.