आधी तो बोलू दे

जुबैल,
२४ नोव्हेंबर १९९५

चि. सौ. संपदास आबांचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. सातवा महिना नीट चाललाय, पायांना सूज नाही, हे वाचून जीव भांड्यात पडला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. तुझी आई असती तर तिनं तुला कराडला आणलंच असतं. सखू नाही आणि तुला आता एवढा प्रवास झेपायचा नाही, म्हणून माहेरच तिकडं येणार. डिंक घेतलाय, हुफूफचा खजूर घेतलाय. लाडू मी स्वतः वळणार. वेल्डिंग करणाऱ्या हाताला लाडू काय जड आहेत?

एक गोष्ट मात्र वेळेत व्हायला हवी. इथल्या सरकारचा हुकूम आहे, दरवर्षी थोडे परदेशी कमी करून सौदी माणसं घ्यायची. आमच्या कंपनीत डिसेंबरअखेर माझी पाळी आहे, मार्चअखेर मोहियुद्दीनची. त्याचं मला दुःख नाही, पुष्कळ वर्षं झाली. पण अमेरिकेचा व्हिसा हातात नोकरी आहे तोवरच मिळेल. नोकरी सुटलेल्या विधुर म्हाताऱ्याला मुंबईच्या वकिलातीत कोण दारात उभं करणार? दहरानच्या वकिलातीत २० डिसेंबरची मुलाखत मिळाली आहे. तेवढी पार पडली की सुटलो.

मेसची हकीकत विचारलीस. मेस बंद आहे. बाजारच्या चिठ्ठीवर दोन सह्या लागतात, घाटावरच्यांतर्फे माझी आणि कोकणवाल्यांतर्फे मोहियुद्दीनची. शुक्रवारी मटण शिजावं की मासे, यावर तंटा झाला आणि कुणीच सही केली नाही. सगळा कॅम्प खबूसच्या विकतच्या रोट्या आणि डबाबंद घेवड्यावर जगतोय. मोहियुद्दीन आणि मी एकाच विमानानं या देशात आलो, सुरुवातीची वर्षं एका खोलीत राहिलो, पण सध्या बोलणं बंद आहे. आधी तो बोलू दे, मग बघू.

तुमचं अमेरिकेचं सरकार मध्ये काही दिवस बंद पडलं होतं म्हणे. एवढा शिकलेला देश, आणि काय हा पोरखेळ! जावईबापूंना आशीर्वाद. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझे,
आबा


सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड,
१७ डिसेंबर १९९५ (फॅक्सने)

तीर्थरूप आबांस शि. सा. न. वि. वि.

पत्राला पंधरवडा लागतो, म्हणून तुमच्या ऑफिसच्या फॅक्सवर पाठवते आहे. सरकार कालपासून पुन्हा बंद आहे. संसद एका पक्षाच्या हातात, राष्ट्राध्यक्ष दुसऱ्या पक्षाचे. खर्चाला दोघांची संमती लागते, आणि ती होत नाही. रोज संध्याकाळी टीव्हीवर दोन्हीकडचे लोक येऊन सांगतात की आम्ही कधीचे तयार आहोत, समोरच्यांनी फक्त एक पाऊल पुढं यावं. पंकजच्या प्रयोगशाळेतसुद्धा दोन तट पडलेत. वर्षानुवर्षं एकत्र डबा खाणारे आता वेगळ्या टेबलांवर बसतात.

पंकज सरकारी नोकर, त्यामुळे घरीच आहे. तुम्ही अत्यावश्यक नाही, असं त्याला साहेबानं कळवलंय. तेव्हापासून तो माझे मसाल्याचे डबे अक्षरक्रमानं लावतो आहे. स्वयंपाकघरातही तो अत्यावश्यक नाही, हे कसं सांगावं समजत नाही.

आता मुद्द्याचं. व्हिसाची कामं जगभर थांबली आहेत. तुमची २० तारखेची मुलाखत होणार नाही, आणि पुढची कधी, कुणालाच ठाऊक नाही. म्हणजे तुमची नोकरी जानेवारीभर तरी टिकायला हवी. असले कागद मोहियुद्दीनचाचांच्या टेबलावरून जातात, असं तुम्हीच एकदा लिहिलं होतंत. त्यांच्याकडे जा, आबा. मासे खा, काटे गिळा, पण जा.

मला भीती वाटते. दिवसा हसते, सगळ्यांना बरी आहे म्हणते, पण वाटते. आई नाहीच. तुम्ही तरी हवेत.

तुमची लाडकी,
संपदा


जुबैल,
२० डिसेंबर १९९५ (फॅक्सने)

चि. सौ. संपदास मोहियुद्दीनचाचाचा सलाम आणि अनेक दुवा.

तुझा नंबर तुझ्याच फॅक्सवर होता. बेटी, फॅक्सला पाकीट नसतं, आणि या ऑफिसात मराठी वाचणारा मी एकटा. कागद कुणाचा, असं मुदीरनं, म्हणजे आमच्या मॅनेजरनं, विचारलं म्हणून हातात घेतला. नाव कळल्यावर थांबायला हवं होतं. थांबलो नाही, माफ कर.

कागद तुझ्या आबाच्या खाटेवर ठेवून आलो. तेव्हापासून तो माझ्या ऑफिसच्या खिडकीवरून सारखा जातो, आत पाहतो आणि पुढं जातो. मी एक हाक मारली असती तर आला असता. मीही मारली नाही. माझ्यामागे आमचे कोकणवाले उभे, त्याच्यामागे घाटावरचे. आधी जो बोलेल तो आपल्या माणसांत हलका पडणार. असलं गाढवपण अमेरिकेतही चालतं, हे तुझ्याकडून कळलं, बरं वाटलं.

मुदीरला डिसेंबरात एक परदेशी कमी हवा, तो कुठला का असेना. म्हणून आमच्या पाळ्या बदलून घेतल्या. मी ३१ला निघतो, तुझा आबा धोंडीराम मार्चपर्यंत राहील. माझी घरवाली आमिना कधीपासून दापोलीला बोलावतेच आहे. मी पोचेपर्यंत त्याला सांगू नकोस. माझ्यामुळे राहायला मिळालं असं कळलं तर तो हट्टानं निघून जाईल. कंपनीनं ठेवून घेतलं असं वाटलं तर छाती पुढं काढून राहील. बाळाच्या कानात माझाही सलाम सांग.

खैरियत चाहणारा,
मोहियुद्दीन


जुबैल,
२ जानेवारी १९९६ (फॅक्सने)

चि. सौ. संपदास आबांचे अ. उ. आ.

काळजी सोड. मला कुणाचे पाय धरावे लागले नाहीत. मुदीरनं स्वतः बोलावून सांगितलं, मार्चपर्यंत थांब. माझ्यावाचून वेल्डिंग शॉपचं पान हलत नाही, हे त्याला उशिरा का होईना उमगलं. जावईबापूंना सांग, सासरा अत्यावश्यक निघाला!

मोहियुद्दीन परवा अचानक गावी गेला, कायमचा. घरी काही अडचण असेल. निरोप घ्यायला आला नाही. मग मीही गेलो नाही. आता त्याचे कोकणवाले नरम पडतील असं दिसतं. त्याच्या खुर्चीवर एक सौदी मुलगा आलाय, त्याला मराठीचं अक्षर कळत नाही, म्हणून मोकळेपणानं लिहितोय.

वकिलात उघडल्याचं कळव. तब्येतीला जप, आणि म्हाताऱ्यावरची माया कमी करू नकोस.

तुझे,
आबा


सिल्व्हर स्प्रिंग, मेरीलँड,
७ जानेवारी १९९६ (फॅक्सने)

तीर्थरूप आबांस शि. सा. न. वि. वि.

सरकार काल उघडलं. आपणच जिंकलो, असं दोन्ही पक्ष म्हणताहेत. इथं बाहेर दाराच्या कडीपर्यंत बर्फ साचलंय, त्यामुळे पंकज उद्याही घरीच. वकिलातीत व्हिसा देणं सुरू होईल, तेव्हा लगेच दहरानला जा.

आबा, मुदीरनं तुम्हाला ठेवलं नाही. मोहियुद्दीनचाचांनी माझा फॅक्स वाचला आणि तुमची पाळी स्वतःवर घेतली. ते घरी पोचेपर्यंत न सांगण्याची त्यांनी मला गळ घातली होती. आता ते पोचले असतील. तुम्ही निरोपालाही गेला नाहीत, हे वाचून मी रडले आणि मग मला तुमचा रागही आला. माझ्यासाठी त्यांनी एवढं केलं, आणि माझा बाप खोलीत बसून राहिला.

तुम्ही या. वाट बघते आहे. राग आहे तो आल्यावर बोलू.

तुमची,
संपदा


जुबैल,
१९ जानेवारी १९९६, शुक्रवार

प्रिय मोहियुद्दीन यास धोंडीरामचा सलाम, वि. वि.

परवा व्हिसा मिळाला. वकिलातीबाहेर रांग मोठी होती. साहेबानं कंपनीचं पत्र पाहिलं, पगार विचारला आणि शिक्का मारला. ते पत्र तुझ्यामुळे माझ्या खिशात होतं. मार्चपर्यंत काही थांबत नाही, उद्या निघतो. संपदाचे दिवस भरत आले.

बाजारच्या चिठ्ठीवर तुझ्या कोकणवाल्यांच्या सहीखाली मी सही केली. आमचे लोक चिडले, धोंडीराम फितला म्हणाले. म्हणोत. आज मेसमध्ये मासे शिजले. दोन-तीन दिवसांत रमजान लागेल, त्याआधी तुझी माणसं पोटभर जेवली. मीही जेवलो. खरं सांगायचं तर मला अजूनही मटणच आवडतं.

तुला एक सांगायचं आहे. त्या रविवारी तुझी बस गेटवर उभी होती, तेव्हा मी खोलीत दाराशी होतो. बाहेर जायचे कपडे घातले होते, चपला पायात होत्या. मला वाटलं, तू निरोप घ्यायला येशील. तू आलास की मी तुझी बॅग उचलणार होतो. बसनं हॉर्न दिला, तरी मी तुझीच वाट पाहत उभा होतो.

आमिनावहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद. तू रागावला असशील, लगेच लिहिणार नाहीस. हरकत नाही. तुझं उत्तर येवो न येवो, अमेरिकेत उतरलो की दुसरं पत्र मीच टाकतो.

तुझा,
धोंडीराम