अध्यक्षांकडे थेट

२ नोव्हेंबर १९७८, शहापूर
बी.ए. अर्धवट सोडल्याचा पस्तावा नाही. वाचनालयात शिपाई आहे, टेम्पररी. इथे बाया वाचनालयात येत नाहीत, तसा रिवाज नाही. त्यांची पुस्तकं मी सायकलवर घरपोच नेतो. मारोतरावांच्या घरी जातो ते रुखमासाठी. पुस्तक दारात तिची आई शकुनबाई घेतात. आज मुद्दाम प्रेमाची कादंबरी नेली. रुखमा आत तांदूळ निवडत होती. वर पाहिलं नाही. लाजली.

५ नोव्हेंबर
कादंबरी परत आली. निरोप: अशाच आणखी आण. याहून स्पष्ट कोणती पोरगी बोलेल? पण दारातल्या दारात कुठवर? उपाय सापडला. वाचनालयात रोज एक तास फक्त बायांसाठी. रुखमा येईल, काउंटरवर मी असेन.

६ नोव्हेंबर
क्लार्क टेकचंदला सांगितलं. म्हणे, अर्ज दे. मी ग्रंथपालांपुढे ठेवतो, ते अध्यक्षांपुढे ठेवतील. प्रॉपर चॅनेल. वर म्हणे, तुले कायची घाई होऊन राहिली बे, लगन निघालं का तुझं? आजपासून रागवायचं नाही असं सकाळीच ठरवलं होतं. टेबल थोडंसंच ठोकलं. दौत कडेला ठेवली ही त्याची चूक.

९ नोव्हेंबर
ग्रंथपाल परसरामजींनी अर्ज परत पाठवला. त्यावर 'क्लार्कमार्फत' लिहिलं नव्हतं. लिहिलं. तर क्लार्क रजेवर, वरठीला, साळ्याच्या घरी. परसरामजी म्हणाले, तो आल्यावर पाहू. माणूस झुरून मरेल आणि यांची सही बाकी राहील.

१२ नोव्हेंबर, संध्याकाळ
थेट अध्यक्ष भैय्यालालजींच्या राइस मिलवर गेलो. सगळं सांगितलं. ग्रंथपाल झोपा काढतात हेही सांगितलं. ते म्हणाले, बराबर आहे, बायांनी काहून येऊ नये? १५ तारखेपासून सुरू करा. जिंकलो. उद्या परसरामजींचं तोंड पाहण्यासारखं होईल.

१३ नोव्हेंबर
तोंड नेहमीसारखंच होतं. त्यांना डावलून वर गेलो म्हणून मला काउंटरची बंदी. अध्यक्षांचा हुकूम चॅनेलने खाली उतरता उतरता वाढला: बाया इथे येणार, म्हणजे घरपोच बंद. मी मागच्या खोलीत जुन्या पेपरांची धूळ झटकायची. हरकत नाही. रुखमा शोधत येईल.

१५ नोव्हेंबर, दुपार
शकुनबाई आल्या. एकट्याच. मी फडकं टाकून धावलो. विचारलं, रुखमासाठी काही काढून ठेवू का? हसल्या. म्हणाल्या, तिले कायचं वाचन बापा, पुस्तक पाहूनच तिचं डोकं दुखते. वाचणारी मी. तू मस्त निवडून आणत होता. पण माझे गुडघे धरले, इतक्या दूर रोज कोण चालंल? आधीसारखं घरीच आणत जा.
म्हटलं, ते बंद झालं.
म्हणाल्या, कोणाच्या डोक्यातून निघालं हे?
टेकचंद काउंटरवरून माझ्याकडेच पाहत होता. मी म्हटलं, मावशी, अर्ज करून विचारा. क्लार्कमार्फत.