बोल बे

६ ऑक्टोबर, नांदुरा
सर जेवायला घरी गेले की कॉम्प्युटर क्लास माझा. झाडू, पाणी, मग मशीन. रात्री इथंच झोपतो. खामगावचं काम सोडलं, अकोल्याचं सोडलं, हे तरी धरून ठेवू. सर म्हणाले, "दिवाळीपरेंत शिकून घे, मंग पोरांले शिकवाले ठेवतो तुले. नाही जमलं तं धामणगावची गाडी पकड."
धामणगावला भाऊ-वहिनी. तिथं माझ्याशी कोण बोलतं.
मशीनवर माझं नाव लिहिलं. उत्तर: बॅड कमांड ऑर फाइल नेम. म्हणजे असं नाव तिला ठाऊक नाही.

९ ऑक्टो.
डीआयआर ही कमांड शिकलो. फ्लॉपीत कोणकोणत्या फाइली आहेत ते दाखवते. मधेच पॅसेंजरची शिट्टी. फलाटावर जाऊन बसलो. उतरणाऱ्यांत ओळखीचं कोणी नाही. परत आलो तर सर आलेले. मशीन सोडून गेलो म्हणून बोलले.

१३ ऑक्टो.
सापडलं! मशीन ए अन् बाण दाखवून थांबते, तो प्रॉम्प्ट. बदलता येतो. इंग्रजी अक्षरांत 'बोल बे' करून टाकला. एंटर. बोल बे. एंटर. बोल बे. दुपारभर तेच.
मग लाइट गेली. आली तेव्हा आधी तारीख, वेळ, मेनू; त्यातून बाहेर आलो तर पुन्हा ए, बाण. मशीन विसरली.

१६ ऑक्टो.
लक्षात राहायचं असेल तर ऑटोएक्झेक नावाच्या फाइलीत लिहायचं. चालू होताना मशीन आधी तीच वाचते. केली फाइल. बंद, चालू. तारीख विचारली नाही, वेळ नाही, मेनू नाही, सरळ बोल बे!
आज फलाटावर गेलोच नाही.

१७ ऑक्टो.
घोळ. त्या नावाची सरांची फाइल आधीच होती. माझी तिच्यावर बसली, त्यांची पुसली गेली. सकाळच्या बॅचला टायपिंगचा मेनू येईचना. पडद्यावर बोल बे. एक पोरगी म्हणे, "सर, तुमालेच म्हणून राह्यलं ते!"
सर हसले नाहीत. "काऊन केलं बे हे?"
मी मशीन बंद-चालू केली. पुन्हा बोल बे.
"संध्याकाळपरेंत व्हतं तसं कर. नाही तं गाडी हाये."

तीच तारीख, दिवेलागण
सरांच्या फाइलीत काय होतं, कधी पाहिलंच नव्हतं. पण रोज काय दिसायचं ते आठवलं. आधी तारीख, मग वेळ, मग मेनू. त्याच क्रमानं ओळी लिहिल्या. मेनूच्या फाइलीचं नाव डीआयआरनं दिलं. मेनू आला!
सरांनी स्वतः बंद-चालू करून पाहिलं.
"अन् ते बोल बे?"
"काढलं, सर."
"हं."
सायकल काढली, गेले. दिवाळीनंतर ठेवणार का, ते सांगितलं नाही. क्लासची किल्ली मात्र परत मागितली नाही.
मेनूतून बाहेर आलो. ए, बाण. मी काही टाइप केलं नाही. मशीनही काही बोलली नाही.